यादी तीनशे जणांना सांगून बसले, आता काय करू?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं सदर नेहमी वाचते, पत्र पहिल्यांदाच लिहितेय. नाव छापू नका. गाव छापलंत तरी चालेल, सांगलीत माझ्यासारख्या पुष्कळ असतील.

मी ३९ वर्षांची. एका पतसंस्थेत नोकरी करते. घरी नवरा, सासूबाई आणि यंदा दहावीला असलेली मुलगी. ३१ डिसेंबरच्या रात्री सगळे टीव्हीसमोर बसलेले असताना मला काय वाटलं कोण जाणे, मी फेसबुकवर नव्या वर्षाची यादी टाकली. तीच स्टेटसला, तीच माहेरच्या ग्रुपवर, तीच सोसायटीच्या ग्रुपवर. यादी अशी: पुढच्या जानेवारीत मुंबईची पूर्ण मॅरेथॉन धावणार. वर्षात ५२ पुस्तकं वाचणार. जर्मन भाषेची बी-वन, म्हणजे मधल्या पातळीची परीक्षा देणार. १५ किलो वजन उतरवणार. साखर बंद. आणि मुलीला दहावीत ९५ टक्के.

सकाळपर्यंत तीनशेच्या वर लाइक. शाळेतल्या आमच्या बाईंनीसुद्धा लिहिलं, ‘शाब्बास!’ खरं सांगते, त्या रात्री मला वाटलं की मी धावून आलेच. दोन तारखेला साडेसहा हजारांचे शूज आणले. आठ-दहा दिवस पहाटे आमराईत गेले. काय छान वाटायचं! धुक्यात पळताना कुणाची हाक नको, फोन नको. पहिल्या दिवशी एक फेरी पुरी होईना, शेवटी शेवटी न थांबता दोन व्हायला लागल्या होत्या. मग सर्दी झाली, मग पतसंस्थेत वसुलीचा जोर सुरू झाला आणि ते सुटलं. पुस्तकं चार झाली. त्यातली दोन मुलीच्या लहानपणीची पातळ गोष्टींची, आकडा वाढावा म्हणून. जर्मनचा ऑनलाइन क्लास ‘डेअर, डी, डास’पाशी थांबला. वजन दीड किलो वाढलं.

परवा एका लग्नात पंगतीत धाकटे दीर सगळ्यांदेखत म्हणाले, ‘वहिनी, मॅरेथॉन इथूनच सुरू करायची का, जिलबी झाली की?’ सगळे हसले, मीही हसले, पण पुढचा घास उतरला नाही. तेव्हापासून फेसबुक उघडलेलं नाही.

नवरा म्हणतो, ‘आधी करून दाखवावं, मग सांगावं.’ पुण्यातली मैत्रीण कोचिंगचे कोर्स करते, ती म्हणते, ‘पाडव्याला पुन्हा जाहीर कर, आणखी मोठं जाहीर कर. येल विद्यापीठात १९५३ साली ज्या तीन टक्के मुलांनी ध्येयं लिहून काढली होती, त्यांनी पुढे बाकी सगळ्यांपेक्षा जास्त कमावलं.’ पोस्ट काढून टाकू का? पाडव्याला नव्याने जाहीर करू? की गप्प बसू?

– सांगलीची एक वाचक

*

नमस्कार.

तुमच्या तिन्ही प्रश्नांकडे येते, पण आधी जे तुम्ही विचारलं नाहीत ते. यादीतला सहावा मुद्दा तुमचा नव्हेच. धावणार तुम्ही, जर्मन शिकणार तुम्ही, साखर सोडणार तुम्ही. पेपर मात्र मुलगी देणार. तिला विचारून तो आकडा टाकला होतात का? पत्रात तसं काही दिसत नाही, म्हणून नाही असंच धरून चालते. हे छापून येईल तोवर तिचे बरेचसे पेपर झालेले असतील. निकालाच्या दिवशी तुम्हाला किती फोन येतील याचा अंदाज करा. तिला ८८ टक्के पडले, तर ते चांगले मार्क आहेत. पण तुमच्या तीनशे ओळखीच्यांच्या लेखी ते ‘९५ म्हणाली होती ना?’ असे होतील, आणि हे वाक्य तिच्या कानावर जाईलच. सोसायटीच्या जिन्यात, माहेरच्या ग्रुपवर, कुणाच्या तरी पेढ्यांच्या बॉक्सबरोबर.

दिरांनी पंगतीत तुमची मस्करी केली तर तुमचा घास अडला. तुम्ही ३९ वर्षांच्या आहात, नोकरी करता, चारचौघांत हसून वेळ मारून नेता येते तुम्हाला. ती पंधरा-सोळाची आहे. तेव्हा फेसबुक उघडायचं ते आजच, आणि ती एक ओळ काढायची. नंतर तिच्याजवळ बसून सांगायचं की मी तुला न विचारता हे लिहिलं, लिहायला नको होतं, निकाल तुझा आहे आणि तो कुणाला सांगायचा हेही तूच ठरवायचं. लांबलचक बोलू नका. एवढं झालं, की मगच पुढचं वाचा.

आता मैत्रिणीची येलची गोष्ट. ती घडलेलीच नाही. व्याख्यानांतून आणि यशस्वी होण्याच्या पुस्तकांतून ती वर्षानुवर्षं फिरते आहे. लोकांनी मुळाशी जाऊन शोध घेतला तेव्हा खुद्द येलकडेही अशा पाहणीचा पत्ता लागला नाही. मैत्रिणीचा हेतू चांगला असेल, पण या गोष्टीच्या भरवशावर पाडव्याला दुसरा बार उडवू नका.

तुम्ही एक वाक्य सहज लिहून गेलात, ते मात्र लाखमोलाचं आहे: ‘त्या रात्री मला वाटलं की मी धावून आलेच.’ नेमकी हीच गोष्ट मानसशास्त्रात तपासून झाली आहे. पीटर गोल्विट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत कायद्याचे विद्यार्थी होते. चांगला वकील व्हायचं म्हणून मी अमुक अभ्यास करणार, असं त्यांनी लिहून द्यायचं. काहींचं लिहिलेलं प्रयोग घेणाऱ्याने त्यांच्यासमोर वाचलं, दखल घेतली. काहींचं तसंच बाजूला पडलं. नंतर प्रत्यक्ष काम दिलं, तेव्हा ज्यांच्या संकल्पाची दखल घेतली गेली होती ते काम लवकर सोडून उठले. आणि आपण वकिलीच्या जवळ पोचलो आहोत, असं वाटत होतं तेही त्यांनाच.

म्हणजे ‘मी अमुक होणार’ हे चार लोकांनी ऐकून मान डोलावली की त्या होण्यातला थोडा वाटा आपल्याला तिथेच, आगाऊ मिळून जातो. तीनशे लाइक, बाईंची शाब्बासकी, दोन तारखेला शूज. धावणारी म्हणून मिळायचं ते सगळं तुम्हाला पहिल्या आठवड्यात मिळालं. राहिलं काय, तर पहाटे उठणं, आणि त्याला कुणी लाइक करत नाही. यात तुम्ही आळशी आहात असं काही सिद्ध होत नाही. माणसाचं मन असंच आहे.

एवढं वाचून तुमचे यजमान खूश होतील, ‘मी तेच म्हणत होतो.’ त्यांचं निम्मंच बरोबर आहे. ‘करून दाखवावं, मग सांगावं’ हे ऐकायला भारदस्त आहे, पण गुपचूप धरलेल्या संकल्पाची एक सोय असते: तो गुपचूप सोडताही येतो. कुणाला कळत नाही, कुणी विचारत नाही, आणि दोन वर्षांनी आपणही विसरून जातो की असं काही मनात होतं. तुम्ही जानेवारीत गुपचूप धावायला लागला असतात, तर त्या सर्दीनंतरही कुणी विचारलं नसतंच.

प्रश्न सांगण्या-न सांगण्याचा नाही, कुणाला सांगतो याचा आहे. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या हॉवर्ड क्लाइन यांनी सहकाऱ्यांबरोबर २०२० मध्ये जे काम प्रसिद्ध केलं त्यात दिसलं ते असं: ज्याला आपण आपल्यापेक्षा वरचढ मानतो, ज्याच्या नजरेत आपली किंमत राहावी असं वाटतं, अशा माणसाला ध्येय सांगितलं तर आपण त्याला जास्त चिकटून राहतो. जो आपल्या लेखी तितका मोठा नाही त्याला सांगितलं, तर तसा काही फायदा दिसत नाही. तुमच्या तीनशेंत अशी माणसं किती? मला एक दिसते. शाळेतल्या बाई. त्यांचं ‘शाब्बास’ तुम्हाला अजून आठवतंय, पत्रात तुम्ही फक्त त्यांचाच शब्द उतरवलात. बाकीचे २९९ जण अंगठा दाबून पुढे गेले आणि विसरले. विसरले नाहीत ते फक्त दीर, आणि तेही मॅरेथॉनच्या काळजीने नाही.

सगळ्यांना ठाऊक असलेली, तरी टिकणारी प्रतिज्ञा कशी असते हे आपल्याकडे बघायला फार लांब जावं लागत नाही. माझ्या ओळखीत एक निवृत्त एसटी कंडक्टर आहेत. त्यांनी ऐन चाळिशीत तुळशीची माळ घातली. त्याआधी मटणाचे मोठे शौकीन. माळ घातली की मांसमच्छी बंद, दारू बंद, एकादशी करायची, पंढरीची वारी चुकवायची नाही. त्यांनी कधी कुणाला ‘आजपासून मी हे सोडलं’ म्हणून सांगितल्याचं मला आठवत नाही. एकदा गावच्या जत्रेच्या जेवणात मी समोरच बसले होते. वाढपी रश्श्याची बादली घेऊन ओळीने आला, यांच्यापाशी थांबला, गळ्याकडे बघितलं आणि काही न बोलता पुढच्या ताटाकडे गेला. दोन मिनिटांनी दुसरा पोरगा यांच्यासाठी पिठलं घेऊन आला. बस. टाळ्या नाहीत, कौतुक नाही, थट्टाही नाही. आजूबाजूच्या माणसांना ठाऊक आहे आणि ती त्याप्रमाणे वागतात.

त्यात ‘मी मोठा वारकरी होणार’ असं कुठेच नाही. काय खायचं नाही, कोणत्या दिवशी उपास, कधी चालायला निघायचं, एवढंच आहे. सगळं वागणुकीतलं, सगळं रोजचं. आणि सोबतीला दिंडी आहे. म्हणजे तेच करणारी, पाय दुखले तर तेल लावून देणारी आणि दमलास म्हणून घरी न पाठवणारी माणसं. तुमच्या यादीत सगळे शेवटचे मुक्काम होते. रोजचं एकही नाही. ‘साखर बंद’ हे त्यातल्या त्यात रोजचं, पण ते नव्या वर्षाच्या पहिल्या हळदीकुंकवालाच कोसळलं असणार. तिळगूळ नाकारणारी बाई मी अजून पाहिली नाही.

आता यादीचा हिशेब. तुम्ही पतसंस्थेत काम करता, आकडे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले कळतात, म्हणून आकड्यांतच बोलू. ५२ पुस्तकं, सरासरी २०० पानांची धरली तर १०,४०० पानं. रोजची २८-२९ पानं, म्हणजे पाऊण तास तरी. आठवड्याला पाच तास. बी-वनपर्यंत पोचायला पंचेचाळीस मिनिटांचे ३५० ते ६५० तास लागतात, असं जर्मन शिकवणारी गोएथे संस्था सांगते. मधला ५०० चा आकडा घेतला तर घड्याळी ३७५ तास, वर्षभर आठवड्याला सात, आणि घरचा अभ्यास वेगळा. मॅरेथॉनच्या तयारीला सुरुवातीला आठवड्याला तीन तास पुरतात. पुढे एकेका रविवारी २८-३० किलोमीटर पळावं लागतं. किलोमीटरला साडेसात मिनिटं धरली तरी ३० किलोमीटरला पावणेचार तास होतात, आणि त्यानंतरची दुपार झोपेत जाते. सगळं मिळून आठवड्याला अठरा-वीस तास. तुमच्या दिवसात दहा ते सहा नोकरी आहे, स्वयंपाक आहे, सासूबाई आहेत, दहावी होती. मला दिसतात ते पहाटेचे तास-सव्वा तास आणि रात्री सगळं आवरल्यावरचा अर्धा तास, तोही डोळे मिटत असताना. म्हणजे जमा दहा, खर्च वीस. असं कर्जप्रकरण तुमच्यासमोर आलं असतं तर तुम्ही ते त्याच दिवशी परत पाठवलं असतं.

एक ना धड, भाराभर चिंध्या असं आपल्याकडे म्हणतात ते याला. एकच धरा. कुठलं, हे तुमच्या पत्रानेच सांगितलंय. पुस्तकांबद्दल तुम्ही आकडा लिहिलात, एकाही पुस्तकाचं नाव नाही. जर्मन का शिकायचं हे सांगितलं नाहीत. नोकरीसाठी नाही, कुणी तिकडे राहत असल्याचाही उल्लेख नाही. धावण्याबद्दल मात्र धुकं लिहिलंत, आमराईच्या फेऱ्या लिहिल्यात, ‘काय छान वाटायचं’ लिहिलंत. तेव्हा धावणं ठेवा, बाकीचं रजेवर पाठवा. पुस्तकं वाचाच, पण मोजू नका. मोजायला लागल्यावर काय होतं ते पातळ गोष्टींनी तुम्हाला दाखवलंच आहे. वजनाचं उद्दिष्ट काढून टाका. ते धावण्याच्या मागोमाग जेवढं उतरायचं तेवढं उतरेल, आणि तयारी चालू असताना उपाशी राहिलात तर गुडघे आधी तक्रार करतील.

‘मग मॅरेथॉनसुद्धा जरा लहान करू का?’ असं विचाराल. नको. मोठं ध्येय वाईट नसतं. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या मानसशास्त्रज्ञांनी या विषयावर आयुष्य घालवलं, आणि लॅथम यांचं एक काम मला फार आवडतं, १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेलं. अमेरिकेत लाकडाचे ओंडके वाहणारे ट्रक कायद्याने मुभा असलेल्या वजनाच्या साठ टक्क्यांच्या आसपासच भरून निघायचे. ‘जमेल तेवढं भरा’ हे सांगून झालं होतं, काही फरक नव्हता. मग ड्रायव्हरना नेमका आणि अवघड आकडा दिला: ९४ टक्के. काही महिन्यांत ट्रक नव्वदच्या घरात भरून जायला लागले, आणि तेही जादा पैसे न देता. ‘जमेल तेवढं धावेन’ म्हणालात तर तुम्हीही साठ टक्क्यांवर राहाल.

पण त्या ड्रायव्हरांना ट्रक भरता येत होता, हे विसरू नका. तुम्हाला ४२.१९५ किलोमीटर धावता येत नाही, अजून पाचही येत नाहीत. जिथे कसबच नवं आहे तिथे आधी शिकण्याचं ध्येय ठेवायचं, टप्पा नंतर. म्हणून मुंबई मनात राहू द्या, पण कॅलेंडरवर तीन छोटे टप्पे लिहा. आपल्याकडचं जुनं वेळापत्रक त्यासाठी झकास आहे. एप्रिलपासून आषाढी एकादशीपर्यंत पहिला: न थांबता पाच किलोमीटर. आषाढी ते कार्तिकी, म्हणजे चातुर्मास, दुसरा: दहा आणि मग एकवीस. कार्तिकी ते जानेवारीचा तिसरा रविवार, तिसरा. चातुर्मासाचा नेम आपल्या आज्या-पणज्या पाळत आल्या तो त्याला शेवट होता म्हणून. चार महिने कांदा-लसूण नाही, वांगं नाही, रोज पोथीचा एक अध्याय. कार्तिकीला नेम सुटला, घरात पहिलं भरीत झालं. जन्मभर वांगं सोडा म्हटलं असतं तर श्रावणातच गुपचूप भाजलं गेलं असतं.

पहिल्या टप्प्यात रोजच्या रोज अंतर मोजत बसू नका. नेम एवढाच लिहा: मंगळवार, गुरुवार आणि शनिवार, पहाटे साडेपाचला दूध आत घेतलं की शूज घालायचे आणि आमराईत जायचं. दूध रोज येतं, त्यामुळे आठवण वेगळी ठेवावी लागत नाही. ‘अमुक झालं की मी तमुक करेन’ अशी गाठ मारून ठेवली की संकल्प तडीला जाण्याची शक्यता वाढते, हेही त्याच गोल्विट्झर यांचं काम. आणि अडचणींचीही गाठ आधीच मारा. एप्रिल-मेमध्ये सांगलीचं ऊन तुम्हाला मी सांगायला नको, सात वाजायच्या आत घरी. पावसाळ्यात कृष्णेला पाणी चढलं तर धावणं बंद आणि घरात जिन्याचे चढउतार. सर्दी झाली तर ती बरी झाल्यावरचा पहिला मंगळ, गुरू किंवा शनिवार. हे शेवटचं लिहून ठेवलं असतंत तर जानेवारीतली सर्दी फेब्रुवारीपर्यंत लांबली नसती.

२१ दिवसांत सवय लागते वगैरे तुम्हाला कुणी सांगेल. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना एकेक नवी सवय लावायला सांगून त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ती अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस लागले, कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. मधला आकडा ६६. त्यातली तुमच्या कामाची गोष्ट अशी की एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नव्हतं. तुमचे आठ-दहा दिवस वाया गेले असं समजू नका, आणि ते मोडले म्हणून सगळंच मोडलं असंही नाही.

निघण्याआधी डॉक्टरांकडे एकदा जाऊन या. चाळिशीच्या उंबरठ्यावर, वजन जास्त असताना, रक्तदाब आणि साखर बघून घेतल्याशिवाय पळू नये. मुंबईची नोंदणी शर्यतीच्या बरीच आधी बंद होते, तेव्हा पूर्ण की अर्धी हा निर्णय तुम्हाला चातुर्मासातच घ्यावा लागेल. सप्टेंबरच्या आसपास साताऱ्याला यवतेश्वरच्या घाटातली अर्धी मॅरेथॉन असते. तुमच्यापासून फार लांब नाही. यंदा धावू नका, नुसती बघायला जा. चढावर पन्नाशी-साठीच्या बायका कशा चालत-पळत येतात ते बघितलंत की अंदाज येईल, मुंबईला पूर्ण झेपेल की अर्धी ते. जानेवारीत अर्धीच धावलात तरी ती मॅरेथॉनच्या वाटेवरची पायरी आहे, आणि ते कुणाला समजावून सांगत बसायचं कारण नाही.

सांगायचं कुणाला? दोघांना. एक तुमच्या बाई. त्यांना फोन करा, यादी सांगू नका, नेम सांगा, आणि विचारा की दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन ओळी पाठवल्या तर चालेल का. कुठल्या शिक्षिकेला चालणार नाही? दुसरी व्यक्ती आमराईतली. पहाटे तिथे नेमाने येणारं कुणी ना कुणी असतंच. सांगलीत धावणाऱ्यांचे गटही आहेत. ज्याला तुम्ही गुरुवारी आला नाहीत हे शनिवारी कळेल असं माणूस हवं. नवऱ्याला यात घेऊ नका. ते सांभाळून घेतील, आणि इथे सांभाळून घेणारं नकोय. त्यांना फक्त त्या तीन दिवसांचा सकाळचा चहा आणि डब्यातल्या पोळ्यांचं बघायला सांगा. ती मदत शाब्बासकीपेक्षा मोठी आहे.

जुनी पोस्ट मुलीची ओळ काढून राहू द्या. काढून टाकलीत तर पाहिलेले लोक जास्त बोलतील. तिच्याखाली एवढंच लिहा: ‘यादी फार मोठी झाली होती. धावणं ठेवलंय, बाकीचं यंदा नाही.’ खुलासा नको, हसऱ्या चेहऱ्यांची रांग नको, ‘पण मी हरलेली नाही’ वगैरे तर मुळीच नको. पाडव्याला नवी घोषणा करू नका. पुढे सांगावंसं वाटलंच, तर झालेलं सांगा. ‘आज पाच किलोमीटर न थांबता झाले’ याच्यावर लाइक आले तर जरूर घ्या, ते कमावलेले आहेत.

दीर पुन्हा बोलतीलच. त्यांना म्हणा, ‘मंगळवारी साडेपाचला आमराईत या, भाऊजी, एकटीला कंटाळा येतो.’ आले तर तुम्हाला सोबत मिळेल. येणार नाहीत, पण जिलबीचा विषय संपेल.

राहिला पाडव्याचा मुहूर्त. सोमवार, महिन्याची पहिली तारीख, नवं वर्ष, असे दिवस माणसाला उठून उभं करतात, व्यायामशाळेतली गर्दी त्या दिवसांत वाढते हे मोजून झालंय. पण उभं करणं एवढंच त्यांचं काम, पुढे चालवायला ते येत नाहीत. आणि तुमचा पाडवा येतो मार्चअखेरच्या तोंडावर. वसुली, थकबाकीच्या याद्या, रात्री नऊ-नऊपर्यंत थांबणं. त्यात पहाटे साडेपाचचा नेम धरलात तर तो आठवड्यात मोडेल आणि पुन्हा मला पत्र लिहाल. तेव्हा पाडव्याला गुढी उभारा, श्रीखंड पोटभर खा, साखरबंदी आपण वर रजेवर पाठवलीच आहे. शूज कपाटावरून खाली काढून दाराशी ठेवा. पतसंस्थेचा ताळेबंद जुळला की त्यानंतरचा पहिला मंगळवार धरा.